कानामागचा व्रण

त्या गुरुवारी नळाला पाणी येण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी येतं आणि दोन तासांत जातं, म्हणून अनसूयाबाईंनी पहाटेच पिंप घासून उपडं घातलं होतं. अकराच्या सुमाराला अपेक्षा आईला न्यायला आली तेव्हा हंडे, कळश्या, बादल्या, एवढंच काय, भाताचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरून झाकलेलं होतं. आई पायरीवर बसून पदरानं मान पुसत होती. उजवीकडची. डावीकडची बाजू ती नुसती टिपायची.

"तुझी पुस्तकं आज कोण सांभाळतंय?" तिनं विचारलं. अपेक्षा एका कॉलेजात ग्रंथपाल होती.

"आज ती एकमेकांना सांभाळतील. अर्धी रजा टाकलीय. चल."

आतून शिवबाई आत्या बाहेर आल्या. वडिलांची थोरली बहीण. रविवारी धाकट्या श्रावणीचा साखरपुडा, म्हणून कालच वैरागहून शेंगदाण्याची पिशवी घेऊन उतरल्या होत्या.

"मशिनीनं तोंड भाजून घ्यायला निघालीस व्हय गं अनसूये? आमच्या येळंला डागाला पदर आसायचा. त्यो फुकट मिळायचा."

"वन्सं, पदर वाऱ्यानं उडतो की," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ओसरीवर खुर्चीत एकनाथराव पेपर वाचत होते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, गल्लीतल्या भांडणात पंच म्हणून बोलावला जाणारा माणूस. त्यांचा आवाज शेजाऱ्यांनी कधी चढलेला ऐकला नव्हता. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "डॉक्टरणीला साखरपुड्याचं सांगायचं नाही."

"पण बाबा, त्यांनी मागेच सांगितलंय, समारंभ असेल तर पंधरा दिवस आधी करायचं नाही म्हणून."

"पाहुण्यांसमोर ती डॉक्टरीण बसणार आहे का? एकेका खेपेला थोडा थोडा डाग निघतो. रविवारच्या आत अजून एक खेप झाली पाहिजे."

कढईच्या बुडाची काजळी घासणीनं एकेक थर निघावी, तसं लेझरनं कातडं उजळत जातं, असा त्यांचा हिशेब होता. एकदा ठरवलेला हिशेब ते बदलत नसत. घरात तो बदलून दाखवायला कुणी जातही नसे. आईच्या डाव्या हाताची करंगळी अशाच एका दुरुस्तीपायी दारात चेंगरली होती. पितळी तांब्यानं फुटलेली भुवई दुसऱ्या एका दुरुस्तीची. या सगळ्याला घरात एकच शब्द होता, 'लागलं'.

मानेचं मात्र 'लागलं' नव्हतं. ते 'भाजलं' होतं, एकोणतीस वर्षांपूर्वी. डाव्या कानामागून निघून जबड्याखालून गळ्यावर, तिथून खांद्यावर आणि थेट कोपरापर्यंत गेलेलं जाड, चकचकीत, ओढलेलं कातडं. त्या ओढीनं आईची मान कायमची डावीकडं झुकलेली होती आणि डावीकडं वळतच नव्हती. श्रावणी त्यानंतर तीन वर्षांनी झाली. तिनं आईची सरळ मान फोटोतच पाहिलेली.

कुणाला औषधाचं सुचलं नव्हतं असं नाही. अपेक्षानंच चारदा विषय काढला होता. "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" म्हणून एकनाथरावांनी चारदा मोडून काढला. पण पुण्याच्या हृषीकेशचं स्थळ आलं, आणि पहिल्याच भेटीत त्याच्या आईनं चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "विहीणबाई, मानेला काय झालं हो?" दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी स्वतः सात रस्ता चौकातल्या त्वचेच्या दवाखान्याचा पत्ता आणून दिला.

*

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. भूल देणारा मलम लावून, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळून आईला पाऊण तास बसवून ठेवलं. आरशात बघून ती म्हणाली, "पापड लाटून प्लॅस्टिकवर टाकलाय मला. आता उन्हात नेऊन ठेवा म्हणजे झालं."

"उन्हात अजिबात नाही मावशी." डॉक्टर बुद्धप्रिया हसत आत आल्या. पस्तिशीच्या, हलक्या हाताच्या. "लाली येईल, सूज येईल, बारीक खपल्या धरतील. आठ दिवस ऊन नाही, गॅसची धग नाही. घरात काही कार्यक्रम नाही ना?"

आईनं अपेक्षाचं मनगट धरलं आणि दाबलं. "नाही बाई. कसला कार्यक्रम?"



डॉक्टरांनी प्लॅस्टिक काढलं, दर वेळेसारखे फोटो घेतले. मग दिव्याखाली कान पुढं दुमडून बराच वेळ पाहत राहिल्या.

"मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, खाली बसून तळत होता, स्टोव्ह कलंडला, कढई अंगावर आली."

"व्हय."

"कलंडलेल्या कढईतलं तेल मांडीवर येतं, पायावर येतं. कानाच्या मागं कसं जाईल?"

डॉक्टरांनी कानामागून बोट खाली कोपराकडं नेलं.

"हे वरून खाली आलंय. इथं कानामागं सगळ्यात खोल आहे आणि खाली ओघळत उथळ होत गेलंय. सांगायलाच पाहिजे असं नाही. मला दिसतं ते मी माझ्या कागदावर लिहिलंय, एवढंच."

आईनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, स्वतःच्या हातानं. "करा बाई सुरू," ती म्हणाली. "जुन्या गोष्टी कुणाला आठवतात?"

टिक, टिक, टिक. कातड्यावर लाल ठिपक्यांची चौकट उमटत गेली. जळक्या केसांसारखा वास खोलीत पसरला. त्या वासाबरोबर आईचे दोन्ही पाय दर वेळी आखडत. ती ओरडत नसे, अपेक्षाचा हात तेवढा घट्ट धरत असे.

उतरताना डॉक्टर अपेक्षाला जिन्यात म्हणाल्या, "डाग जाणार नाही हे घरी माहीत आहे ना? डाग राहतो. कातडं मऊ होतं, मान मोकळी होते. मी त्याच्यासाठी करतेय."

मान खरंच मोकळी होत होती. रिक्षात बसल्यावर आईनं हळूहळू, दार उघडतंय की नाही हे चाचपावं तशी, मान डावीकडं नेली. चार बोटं. मग आणखी एक बोट.

"अपेक्षा, ही एवढी मोठी इमारत इथं कधी झाली गं?"

"आई, तिला दहा वर्षं झाली."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?" आणि ती हसायला लागली, तोंडावर हात धरून, रिक्षावाला आरशातून बघायला लागेपर्यंत. "आमच्या बाजूला नुसती दुकानं. सगळी मजा डाव्या हाताला होती म्हणायची."

अपेक्षाला जन्मभर आईच्या उजवीकडं बसायची सवय होती. त्या दिवशी ती चुकून डावीकडं बसली होती आणि आई तिच्याकडं वळून बोलत होती.

*

साडेचारला तिनं आईला दारात सोडलं. काव्या, अपेक्षाची सात वर्षांची मुलगी, शाळेच्या रिक्षातून आधीच येऊन आजीच्या ओसरीवर चित्र रंगवत होती. अपेक्षाचा नवरा सतीश कामासाठी लातूरला असायचा, म्हणून शाळेनंतर काव्या आजीकडंच. श्रावणी पार्लरला गेली होती. एकनाथराव फिरायला.

"मी नवी पेठेतून मलम घेऊन येते. तू झोप जरा. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकत गं बाई."

नवी पेठेत गर्दी होती. मलम मिळालं, मग श्रावणीच्या बांगड्यांचं आठवलं. दुकानात दोन डझन हिरव्या बांगड्या हातावर चढवून बघताना अपेक्षाला सव्वा तास गेला. तो सव्वा तास तिनं पुढं कितीदा तरी पुन्हा चालून पाहिला, दुकानादुकानानं.

परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटक उघडताच तिला वास आला. दवाखान्यातलाच वास, पण दवाखान्यात तो चिमूटभर असायचा. इथं घर भरलं होतं.

आई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडली होती. नायलॉनची साडी अंगावर नव्हती आणि होतीही. ती वितळून कातड्यात गेली होती. केस डाव्या बाजूनं संपलेले. ओठ हलत होते, पण आवाजाऐवजी कुकरची शिटी सुटायच्या आधी येते तशी नुसती वाफ येत होती. गॅस अजून चालू होता. निळी ज्योत शांतपणे जळत होती, तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

आत्या दारात छाती बडवत होत्या. एकनाथराव हातात गोधडी घेऊन उभे होते. त्यांच्या उजव्या हाताच्या मुठीत काहीतरी काळं चिकटलं होतं. ते त्यांनी गोधडीला पुसलं.

"गॅसचा भडका उडाला," ते म्हणाले. "मी फिरून आलो तर हे असं."

कोपऱ्यात फ्रीजला पाठ लावून काव्या उभी होती. हातात शाळेची पाण्याची बाटली. झाकण उघडं, बाटली रिकामी. तिच्या पायाशी, आजीपासून हातभर अंतरावर, थोडं पाणी सांडलं होतं. घरात त्या दिवशी पाचशे लिटर पाणी भरलेलं होतं. त्यातली एका पोरीच्या बाटलीएवढीच धार अनसूयाबाईंच्या दिशेनं गेली होती, आणि तीही पोचली नव्हती.

*

मोठ्या दवाखान्यात पासष्ट टक्के भाजलंय म्हणाले. जबाब घ्यायला तहसीलदार साहेब आले, बरोबर डॉक्टर. नातेवाइकांना बाहेर काढलं. पडद्याच्या अलीकडून अपेक्षानं आईचा आवाज ऐकला. कुणीतरी कागदावर कागद घासावा एवढाच.

"गॅसचा भडका... उडाला. कुणाबद्दल... तक्रार नाही."

हे शब्द अपेक्षाच्या ओळखीचे होते. गॅसच्या जागी स्टोव्ह ठेवला की झालं. या शहरात काय आणि दुसऱ्या शहरात काय, गल्लोगल्ली असा एखादा स्टोव्ह असतो, जो कधी कलंडलेलाच नसतो. घराघरात असा गॅस असतो, जो घरातल्या बाकी कुणालाही सोडून सुनेवरच भडकतो. आणि हे जबाब त्या बायकांचे नसतातच. ते शिकवलेले असतात, पाढ्यासारखे, एका पिढीनं दुसरीला.

अपेक्षाला तिचा पाढा तोंडपाठ होता.

एकोणतीस वर्षांपूर्वीचा रविवार होता. ती सात वर्षांची. बाहेरच्या खोलीत वडिलांचे कचेरीतले चार मित्र, आत आई पाटावर बसून कांदाभजी तळत होती, आणि अपेक्षा दारात पहिल्या भज्याची वाट बघत. बाहेर वडील सांगत होते, शाळेत असताना ते कुस्तीत तालुक्यात पहिले आले होते. आई हसली. नुसती हसली, पोरीकडं बघून, 'काहीतरीच' अशा अर्थानं. पण हसू मोकळं होतं, बाहेर ऐकू गेलं. एक मित्रही हसला.

वडील आत आले. रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी भिंतीवरची सांडशी काढली, कढई उचलली आणि तुळशीला पाणी घालावं तसं, घाई न करता, आईच्या डोक्याच्या डाव्या बाजूनं तेल ओतलं. आईनं मान वाचवायला वाकडी केली. ती वाकडीच राहिली. कांद्याच्या दोन चकत्या तिच्या खांद्यावर तळल्या जात होत्या. मग त्यांनी रिकामी कढई खाली ठेवली, स्टोव्हला पायानं आडवं केलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "अहो, जरा रिक्षा बघता का कुणी? स्टोव्ह कलंडला."

रात्री वैरागहून आत्या आल्या. सकाळी त्यांनी अपेक्षाला मांडीवर घेतलं. हातात राजगिऱ्याचा लाडू. "हं, म्हण. स्टो कलंडला, कढई आईच्या अंगावर आली." एकदा. "आजून म्हण." दोनदा. तिसऱ्यांदा न अडखळता म्हटल्यावर लाडू मिळाला. दुपारी हवालदार आला, गुडघ्यावर बसला. "बाळ, काय झालं हुतं?" अपेक्षानं म्हणून दाखवलं. "शाणी हाय पोरगी," म्हणून त्यानं गालाला हात लावला.

पुढं तिनं पुष्कळ पुस्तकं वाचली, घरातल्या हिंसेवरची, कायद्याची, बायकांनी लिहिलेली. कपाटं लावली, मुलींना शोधून दिली. तो एक लाडू मात्र पोटात कधी जिरला नाही.

शेवटच्या दिवशी आईचं तोंड पट्ट्यांत होतं. अपेक्षा डावीकडं उभी राहिली. पट्ट्यांच्या आत काहीतरी हललं. आई वळायचा प्रयत्न करत होती.

"काव्यानं... पाहिलं?"

"नाही आई. ती ओसरीवर होती. चित्र काढत होती."

"बरं झालं," आई म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. मंगळवारी पहाटे ती गेली.

*

पाहुणे भेटायला आले. हृषीकेशची आई भली बाई होती. श्रावणीला जवळ घेऊन रडली. जाताना म्हणाली, "अपघात तो अपघात. वर्षाच्या आत लग्न उरकावं म्हणतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं." एकनाथरावांनी हात जोडले. ते नीट दाढी करत होते, नीट जेवत होते, आल्या-गेल्याला पाणी विचारत होते. त्यांच्या उजव्या मुठीला पट्टी होती. "वाचवायला गेलो ना," ते सगळ्यांना सांगत.

पोलीस चौकशीला घरी येणार होते तो पाचवा दिवस. सकाळी अपेक्षा काव्याला आंघोळ घालत होती. ऊन ऊन पाण्याचा तांब्या पाठीवर ओतला आणि पोर आखडली, पाय दोन्ही जवळ घेऊन.

"गार करू का?"

काव्यानं मान हलवली. मग खाली बघत विचारलं, "आई, आबांना लेझर येतं?"

"म्हणजे?"

"आजी मोठ्या आजीला, वैरागच्या, पापड तळून देत होती. मोठी आजी म्हणाली, चारच तळ, एकनाथला चहाबरोबर लागतात. मग आबा आले. म्हणाले, हे काय थोबाड करून आलीस, हे दाखवू का पाहुण्यांना? आजी म्हणाली, उतरेल दोन दिवसांत. मग आबांनी कढई उचलून खाली ठेवली. आजीचे केस धरले." काव्यानं स्वतःचे ओले केस मुठीत धरून दाखवले. "आणि म्हणाले, ये, मी करतो तुझं लेझर. आणि गॅसवर..."

तिला पुढचा शब्द माहीत नव्हता. तिनं आपलं तोंड हळूच बादलीच्या कडेकडं नेलं, डावा गाल खाली करून, आणि तसंच धरून ठेवलं.

तांब्या अपेक्षाच्या हातातून पडला. "बास," ती म्हणाली. "बास, बाळा." पोरीला टॉवेलात गुंडाळून ती न्हाणीघराच्या दारात बसून राहिली. रडू येत नव्हतं. मनात एकच गोष्ट गिरक्या घेत होती. आईला मी सांगितलं, काव्यानं पाहिलं नाही. आणि आई म्हणाली, बरं झालं.

दहा वाजता फाटक वाजलं. अपेक्षा केस बांधत बाहेर येत होती तेव्हा स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज आला. हळू, गोड.

"हं, म्हण की. ग्यासचा भडका उडाला, आजीच्या पदराला लागला."

"गॅसचा भडका उडाला," काव्याचा आवाज. "आजीच्या पदराला लागला."

"आजून येकदा. मग ह्यो लाडू तुजाच."

अपेक्षा दारात थांबली. ओट्याखालची फरशी घासून पांढरी केली होती. आत्या पाटावर, काव्या त्यांच्या मांडीवर. आत्यांच्या पुढं केलेल्या हातात राजगिऱ्याचा लाडू. बांगड्या कोपराकडं सरकल्या होत्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढे तीन जुने गोल डाग ओळीनं दिसत होते. अपेक्षानं ते लहानपणापासून पाहिले होते. ते कशाचे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"आत्या, हे कशानं भाजलं?"

आत्यांनी हात मागं घेतला. "पळीनं. तळताना लागली."

"तीनदा? ओळीनं?"

आत्यांनी बांगड्या मनगटावर ओढून घेतल्या. "माज्या लेकाला मी आसंच सांगाया लावलं हुतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "न्हायतर कुटं जाणार हुते मी? बाप जेलात, पोरं रस्त्यावर. लोकं काय दोन घास घालत न्हाईत, नुसतं बघाया येत्यात. पोरीचं लगीन तोंडावर हाय. अनसूयाबी हेच सांगून गेली की. मेल्या माणसाचा शबुद तरी राख."

"काव्या, इकडं ये. लाडू राहू दे."

ओसरीवर महिला हवालदार कागद मांडून बसली होती. बरोबर एक शिपाई. एकनाथराव समोरच्या खुर्चीत. श्रावणीनं पाणी आणून ठेवलं होतं.

"घरी त्या वेळी ही मुलगी होती म्हणे," हवालदार म्हणाली. "दोन शब्द विचारते, घाबरायचं नाही हं बाळ."

"विचारा ना," एकनाथराव म्हणाले. "सांग काव्या. आजीला काय झालं?"

काव्यानं आबांकडं पाहिलं, मग दारात आलेल्या आत्यांकडं, आणि तोंड उघडलं. अपेक्षानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला नंतर विचारा. तिला जे दिसलं ते ती सांगेल, कुणी न शिकवता. आधी माझा जबाब घ्या."

"तुम्ही तर घरी नव्हता," हवालदार म्हणाली. "तुमचं काय लिहू?"

"त्या दिवशी नव्हते. पहिल्या वेळी होते."

एकनाथरावांनी पेपराची घडी घातली. कडेला कड लावून. "अपेक्षा," ते नेहमीच्या, शेजारी ऐकू न जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "आत जा."

हा आवाज ऐकला की या घरातल्या बायकांचे पाय आपोआप आत वळत. अपेक्षाचेही वळायला लागले. तिला ते दिसलं. तिनं खाली बघून एकेक पाऊल पुन्हा जागेवर आणलं.

"ताई," श्रावणी हातातला ट्रे घट्ट धरून पुटपुटली, "ताई, माझं लग्न मोडेल गं."

"मोडेल," अपेक्षा म्हणाली. "त्या लग्नासाठी आई आधी यंत्राखाली बसली आणि मग गॅसवर गेली. तुला सगळं ठाऊक असून करायचं असेल तर कर. पण आधी ठाऊक तर असू दे."

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," एकनाथराव उठून उभे राहिले. पट्टीचा हात खुर्चीच्या पाठीवर आवळला गेला. "चौथ्या दिवसापासून अशीच बडबडतेय. बाई, तुम्ही लिहू नका. मरणाऱ्या बाईनं स्वतः जबाब दिलाय, तक्रार नाही म्हणून."

"बसा तुम्ही," हवालदार म्हणाली. ते बसले नाहीत. ती पेन उचलून अपेक्षाकडं बघत राहिली. "बोला."

पुस्तकांत वाचलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. तोंडात एकच चव होती, एकोणतीस वर्षांपूर्वीची, राजगिऱ्याची आणि गुळाची. काव्या मान वर करून तिच्याकडं बघत होती, आणि तिला कळलं की आता ती जे म्हणेल तेच या पोरीला पाठ होणार आहे.

"सात रस्त्यावरच्या डॉक्टरांकडं आईच्या मानेचे फोटो आहेत," ती म्हणाली, "आणि एक कागद आहे. तो मागवून घ्या. त्यात लिहिलंय, सांगितलेलं कारण जखमेशी जुळत नाही. ते जुळत नाही, कारण ते खोटं होतं. ते कारण आधी मी सांगितलं होतं. पोलिसांना. सात वर्षांची होते मी. मला एक लाडू दिला होता."

तिनं आवाज वाढवला. कुंपणापलीकडं शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती. तिलाही ऐकू जावं एवढा.

"लिहून घ्या. स्टोव्ह कलंडला नव्हता. आई हसली म्हणून माझ्या वडिलांनी कढई उचलून तिच्या डोक्यावर उकळतं तेल ओतलं. मी दारात उभी होते. मी पाहिलं होतं."